बसचं घर आणि टाकीला भोक



मागच्या आठवड्यात मी तुम्हाला एक काम सांगितलं होतं. घर बांधायला काय काय लागतं, त्याची यादी करायची. तुमच्या याद्या वाचताना मजा आली. विटा, वाळू, सिमेंट, दारं, खिडक्या, पंखा, टीव्ही… एकाने तर मांजरसुद्धा लिहिलं होतं! पण मोरी लिहिणारे अगदी थोडे निघाले. आणि मोरीतून बाहेर जाणारा पाइप तर एकानेही लिहिला नाही.

आपलं असंच असतं. नळाला पाणी आलं की सगळ्या घराला कळतं. ‘पाणी आलं, पाणी आलं’ म्हणून हंडे, कळश्या, बादल्या पुढे होतात. पण वापरलेलं पाणी जातं कुठे, हा प्रश्न मोरी तुंबेपर्यंत कुणालाच पडत नाही. म्हणून आज आपण अशा एका घराची गोष्ट बघू, जिथे हा प्रश्न रोज सकाळी उठल्याबरोबर पडतो. त्या घराला चाकं आहेत!

पिवळ्या बसचं घर

अमेरिकेत शाळेच्या बस पिवळ्या असतात, हे तुम्ही सिनेमात पाहिलं असेल. हा पिवळा रंग १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भरलेल्या एका परिषदेत ठरला. पहाटेच्या अंधूक उजेडातही तो चटकन नजरेत भरतो आणि त्याच्यावर काळी अक्षरं ठळक दिसतात. काही वर्षं मुलांची ने-आण केली की या बस शाळा विकून टाकतात. आणि तिथले काही हौशी लोक काय करतात, माहीत आहे? अशी जुनी बस विकत घेतात, आतली बाकं काढून टाकतात आणि तिथे पलंग, ओटा, कपाट बसवून चक्क राहायला जातात. अशा बसला ते लाडाने ‘स्कूली’ म्हणतात.

आपल्याकडेही जुन्या बसना दुसरा जन्म मिळालेला आहे बरं का. पुण्यात २०१६ पासून मोडीत निघालेल्या सिटी बसमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृहं तयार करण्यात आली. त्या बसचं नावही छान आहे, ‘ती’. आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं, म्हणजे चाकांवरच्या घरातून फिरण्याचं धोरण आणलं. तेव्हा अशी घरं पुढेमागे तुमच्या गावावरूनही जातील.

एका जागी उभ्या असलेल्या घराला गटाराची नळी जोडता येते. पण जे घर आज इथे आणि उद्या तिथे, त्याने काय करायचं? त्याने आपलं घाण पाणी आपल्याबरोबर घेऊन हिंडायचं. त्यासाठी बसच्या पोटाखाली प्लास्टिकच्या टाक्या बांधलेल्या असतात. टाक्या साधारणपणे दोन असतात. एक सांडपाण्याची, म्हणजे अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी साठवायची. दुसरी मैलापाण्याची, म्हणजे संडासातून येणारं. दोन्ही पाणी वेगळं का ठेवायचं, ते पुढे कळेल.

आधी वजन, मग टाकी

समजा, घरात चार माणसं आहेत. प्रत्येकाला अंघोळीला १५ लिटरची एक बादली. म्हणजे ६० लिटर झाले. भांड्यांना २० लिटर, हात-तोंड धुवायला १० लिटर. एकूण ९० लिटर. २०० लिटरची टाकी असेल तर ती सव्वादोन दिवसांत भरणार.

आता २०० लिटर पाण्याचं वजन किती? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे तुम्ही शिकला आहात. म्हणजे २०० किलो! पाचवीतलं एक मूल ३० किलोचं धरलं, तर जवळजवळ सात मुलं बसच्या खाली लटकून प्रवास करताहेत असं समजा. म्हणून टाकी नुसत्या दोरीने बांधून चालत नाही. तिला खालून लोखंडी अँगलची चौकट लागते, रुंद पट्ट्या लागतात आणि लोखंडाने प्लास्टिक घासू नये म्हणून मध्ये रबर लागतं.

दुसरी गंमत अशी, की पाणी स्वस्थ बसत नाही. अर्धी भरलेली बादली घेऊन पळून बघा. पाणी इकडून तिकडे हिंदकळतं आणि तुम्हालाही इकडून तिकडे ओढतं. काठोकाठ भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच नसते आणि रिकाम्या टाकीत हलायला पाणी नसतं. खरा धिंगाणा अर्ध्या टाकीत! वळणावर सगळं पाणी एका बाजूला जातं, ब्रेक लावला की पुढे धावतं. म्हणून काही मोठ्या टाक्यांमध्ये आडव्या भिंती घालतात. त्या भिंतींना खाली भोकं असतात. पाणी हळूहळू पलीकडे जाऊ शकतं, पण मुसंडी मारू शकत नाही.

आणि तुमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बहुतेक वेळा गोल का असते, तिच्या अंगावर आडव्या वळ्या का असतात, याचा कधी विचार केलाय? पाणी चहूबाजूंनी भिंतीला ढकलत असतं, आणि जितकं खोल तितकं जास्त. भिंत सपाट असेल तर तिचं पोट पुढे येतं. गोल भिंत तो दाब सगळीकडे सारखा वाटून घेते, आणि वळ्यांमुळे ती आणखी ताठ राहते. बसखाली जागा चपटी असते. तिथे गोल टाकी मावत नाही. म्हणून चपटी, चौकोनी टाकी घ्यायची आणि तिच्या पोटाला चौकटीचा आधार द्यायचा.

डिंक ज्याला चिकटत नाही

आता खरं काम. टाकी विकत मिळते, पण तिची भोकं नेमकी आपल्याला हवी तिथे नसतात. बसचा सायलेन्सर एका बाजूला, चाकांना फिरवणारा लांब दांडा मधोमध. त्यांना चुकवून पाइप न्यायचा, तर टाकीला नवं भोक पाडावं लागतं. पाण्याला आत येण्यासाठी एक, बाहेर जाण्यासाठी एक आणि हवेसाठी एक.

भोक पाडणं सोपं आहे. त्या भोकात पाइप असा बसवायचा की एक थेंबही गळणार नाही, हे अवघड. तुम्ही म्हणाल, ‘त्यात काय बाई, चांगला गोंद लावायचा!’ मग मला सांगा, डिंकाच्या प्लास्टिकच्या बाटलीत डिंक असतो. तो बाटलीलाच का चिकटून बसत नाही?

तीच तर मेख आहे. अशा बऱ्याचशा बाटल्या आणि या टाक्या एकाच घराण्यातल्या प्लास्टिकच्या असतात. त्याचं नाव पॉलिथिलीन. हे प्लास्टिक मेणासारखं असतं. बोट फिरवलं तर किंचित तेलकट लागतं. त्यावर पाण्याचा थेंब टाका. तो पसरत नाही, फुगून बसतो. गोंदाचंही तसंच होतं. चिकटायचं तर गोंदाने आधी पृष्ठभागावर नीट पसरायला हवं. पॉलिथिलीन त्याला पसरूच देत नाही. आज चिकटवलेला पाइप उद्या बसच्या दोन धक्क्यांत सुटून येतो.

तुमच्या बाथरूममधले राखाडी पीव्हीसी पाइप मात्र सोल्युशन लावून जोडतात. ते सोल्युशन प्लास्टिकला वरवर विरघळवतं आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात. पॉलिथिलीनवर ही मात्रा चालत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी टाकी कशाची आहे ते बघायचं. प्लास्टिकच्या वस्तूच्या तळाला बाणांचा त्रिकोण आणि त्यात आकडा असतो ना? आत २ किंवा ४ असेल तर ते पॉलिथिलीन. ३ असेल तर पीव्हीसी.

मग पॉलिथिलीनच्या टाकीला पाइप जोडायचा कसा? कारागिरांच्या तीन युक्त्या आहेत.

पहिली युक्ती टँक निपलची. गच्चीवरच्या टाकीला प्लंबरकाका हेच बसवतात. हा आटे असलेला नळीचा तुकडा असतो. तो भोकातून घालायचा, दोन्हीकडे रबरी वायसर ठेवायचे आणि नट आवळायचा. वायसर दाबले जातात आणि पाण्याची वाट बंद होते. पण नट धरायला टाकीच्या आत हात पोचायला हवा. चपट्या, बंद टाकीत तो पोचत नाही.

दुसरी युक्ती रबरी कडीची. भोकात जाड रबराची एक कडी बसवायची. तिचं आतलं भोक पाइपपेक्षा थोडं लहान असतं. पाइपचं टोक कानशीने घासून निमुळतं करायचं, त्याला साबणाचं पाणी लावायचं आणि जोर लावून आत ढकलायचं. रबर पाइप आणि टाकीच्या मध्ये असं गच्च दाबलं जातं की पाणी बाहेर येत नाही. या युक्तीत गोंद नाही, नट नाही, की आत हात घालायला नको.

तिसरी युक्ती वितळवण्याची. हे प्लास्टिक सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळतं. गरम हवेच्या यंत्राने टाकी आणि जोड दोन्ही मऊ करायचे आणि त्याच प्लास्टिकची काडी वितळवून सांध्यात भरायची. सोनार डाग देतो ना, काहीसं तसंच! याचाच एक भारी प्रकार आहे. जोडायचा तुकडा यंत्रात धरून टाकीवर भरभर फिरवतात. तळहात एकमेकांवर चोळल्यावर गरम होतात, तसं घासण्यामुळे दोन्ही प्लास्टिक वितळतात. यंत्र थांबलं की क्षणात गोठून एक होतात. अर्थात हे काम शिकलेल्या माणसाचं. मुलांनी घरी प्लास्टिक वितळवायचं नाही. त्याचा धूर वाईट असतो.

भोक कुठे पाडायचं?

भोक गोलच हवं. नव्या शर्टाला कात्रीचा छोटा छेद गेला, तर ओढल्यावर तो तिथूनच टरकत जातो. कोपरा किंवा चीर असली की ताण तिथे गोळा होतो. गोल भोकाला कोपराच नसतो. म्हणून ड्रिलला गोल करवत लावून भोक पाडतात, कडा गुळगुळीत करतात आणि आत पडलेला भुसा वेचून काढतात. नाहीतर तोच पुढे व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

पाणी बाहेर जायचं भोक अगदी तळाशी हवं. का? चला, गणित करू. टाकीचा तळ १०० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद आहे. भोक तळापासून ५ सेंटिमीटर वर पाडलं. तर १०० × ५० × ५ = २५,००० घन सेंटिमीटर, म्हणजे २५ लिटर पाणी कधीच बाहेर पडणार नाही! ते आत कुजत बसणार. २५ किलो फुकटचं ओझं, आणि वास तो वेगळाच.

पाइपलाही उतार हवा, एका मीटरला साधारण २ सेंटिमीटर. नाहीतर पाणी वाटेत रेंगाळतं आणि भाताची शितं, केस तिथेच मुक्काम ठोकतात.

तिसरं भोक हवेचं. रिकामी टाकी रिकामी नसतेच, हवेने भरलेली असते. पाणी आत आलं की हवेला बाहेर जायला वाट हवी. ती मिळाली नाही तर हवा पाइपमधून उलटी वर येणार, म्हणजे टाकीतला सगळा दर्प थेट स्वयंपाकघरात! म्हणून टाकीच्या माथ्यावरून एक नळी बसच्या टपापर्यंत नेतात.

शिवाय आपल्या मोरीच्या जाळीखाली एक भांडं असतं. त्यात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटाराचा वास अडवतं. त्याला देशभरचे प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द आपल्या न्हाणीशीच नातं सांगणारा दिसतो, नाही का? बसमध्येही असा ट्रॅप लागतो. पण खड्ड्यांतून जाताना त्यातलं पाणी उडून जातं, म्हणून काही जण त्याऐवजी पाण्याशिवाय बंद होणारी रबरी झडप वापरतात.

सगळं जोडून झालं की लगेच टाकी बसखाली चढवायची नाही. आधी जमिनीवर जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवायची, पाण्याने पूर्ण भरायची आणि एक दिवस तशीच सोडायची. वर्तमानपत्रावर ओला डाग पडला, की समजायचं कुठेतरी गळतंय.

शिकागोच्या पुलावर काय झालं?

आता टाकी भरली. रिकामी कुठे करायची? अमेरिकेत अशा गाड्यांसाठी ठरवून दिलेली केंद्रं असतात. तिथे जाड नळी जोडून टाकी गटारात रिकामी करायची. आधी मैलापाण्याची, मग सांडपाण्याची. का? कारण साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. दोन टाक्या वेगळ्या ठेवण्याचा हा एक फायदा! आणि मैलापाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह ती भरत येईपर्यंत उघडायचा नाही. सतत उघडा ठेवला तर पातळ तेवढं वाहून जातं आणि घट्ट घाण तळाशी थर धरते.

पण एखाद्याने कंटाळा केला तर?

८ ऑगस्ट २००४ या दिवशी शिकागो शहरात नदीवरच्या किन्झी स्ट्रीट पुलावरून एक बस चालली होती. डेव्ह मॅथ्यूज बँड या प्रसिद्ध वादकांच्या दौऱ्यातली ती बस. ड्रायव्हर एकटाच होता. पुलावरची जमीन लोखंडी जाळीची. त्याने तिथेच मैलापाण्याची टाकी उघडली. सुमारे ३६० किलो घाण जाळीतून खाली गेली. आणि त्याच वेळी खालून पर्यटकांची उघडी होडी चालली होती! शंभराहून जास्त माणसं त्यात बसून शहरातल्या उंच इमारती बघत होती.

ऐकून हसू येतं. पण त्या होडीत म्हातारी माणसं होती, लहान मुलंही होती. काहींना दवाखान्यात जावं लागलं. ड्रायव्हरला कोर्टात गुन्हा कबूल करावा लागला आणि बँडला २ लाख डॉलर भरावे लागले. टाकी चांगली होती, व्हॉल्व्ह चांगला होता. फक्त ‘इथे कोण बघतंय’ हा विचार वाईट होता.

आपण तरी काय वेगळं करत होतो? कित्येक वर्षं आपल्या रेल्वेच्या डब्यांतला मैला थेट रुळांवर पडत असे. तो रुळांना गंजवत असे आणि रुळांवर काम करणाऱ्या माणसांच्या पायाखाली येत असे. पुढे रेल्वे आणि डीआरडीओ यांनी मिळून डब्याखाली बसणारी जैव-शौचालयाची टाकी तयार केली. तिच्यात जिवाणू असतात. ते मैला खाऊन त्याचं पाणी आणि वायू करतात. आता प्रवासी डब्यांना अशा टाक्या बसवल्या आहेत.

टाकीत वाकून बघायचं नाही!

ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. नीट वाचा आणि आई-बाबांनाही वाचून दाखवा.

बंद टाकीत घाण कुजली की विषारी वायू तयार होतात. त्यातल्या एकाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्याचं नाव हायड्रोजन सल्फाइड. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून तळाशी साचून राहतो. आणि सगळ्यात फसवी गोष्ट अशी, की तो जास्त झाला की नाकाला त्याचा वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, वास गेला, आता धोका नाही. आणि तो आत उतरतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो. दोघेही परत येत नाहीत.

आपल्या देशात गटारं आणि मैल्याच्या टाक्या साफ करताना असे मृत्यू होतात. माणसाला मैला हाताने साफ करायला लावू नये आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात, टाकीत उतरवू नये, यासाठी २०१३ साली कायदा झाला. तरीही वर्तमानपत्रात अशा बातम्या येतातच. म्हणून शाळेची असो, सोसायटीची असो की बसची, घाण पाण्याच्या टाकीचं झाकण आपण उघडायचं नाही आणि आत डोकावायचं नाही. कुणी आत पडलं तर मागोमाग उडी न मारता मोठ्यांना हाक मारायची आणि १०१ किंवा ११२ वर फोन करायला सांगायचं.

तसंच भंगारात मिळणारा निळा ड्रम ‘स्वस्त आहे’ म्हणून टाकी करायला आणू नये. त्यात आधी कुठलं रसायन होतं, कोण जाणे! त्याला ड्रिल लावताना उडालेल्या ठिणगीने आतल्या वाफेचा भडकाही उडू शकतो.

करून पहा

१. पाण्याची भरलेली बाटली मोरीवर एकदम उलटी करा. पाणी ‘डब डब’ करत, थांबून थांबून पडेल. आता दुसऱ्या, नको असलेल्या बाटलीच्या बुडाला मोठ्या माणसाकडून एक छोटं भोक पाडून घ्या. भोकावर बोट ठेवून ती भरा, उलटी करा आणि बोट काढा. पाणी सरळ धारेने पडेल. टाकीला हवेचं भोक का लागतं, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

२. काचेच्या बशीवर आणि प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणावर पाण्याचा एकेक थेंब टाका. कुठला जास्त पसरतो? दोन्हींचं चित्र काढून पाठवा.

३. एक दिवस मोरीच्या पाइपखाली बादली ठेवता आली तर ठेवा, नाहीतर अंघोळ, भांडी, हात धुणं यांचे तांबे मोजून लिहा. तुमच्या घराला चाकं असती तर २०० लिटरची टाकी किती दिवसांत भरली असती?

आणि हे आजचं कोडं. टाकी १२० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ३० उंच आहे. पाणी जायचं भोक तळापासून ४ सेंटिमीटरवर आहे. टाकीत एकूण किती लिटर पाणी मावेल? आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर किती लिटर आतच राहील? उत्तर पुढच्या अंकात. बरोबर उत्तर देणाऱ्यांची नावंही तिथेच छापू.

आई-बाबांसाठी दोन शब्द

तिसरा प्रयोग मुलांना जरूर करू द्या. थोडी सांडलवंड होईल, ती पुसून घेता येईल. घरातलं पाणी गेल्यावर ते कुणाच्या दारावरून वाहतं, कुठल्या नाल्याला मिळतं, हे एका रविवारी त्यांच्याबरोबर चालत जाऊन बघा. ताटातलं तेल, उरलेली शितं मोरीत न टाकता आधी पुसून घ्यायची सवय त्यानंतर वेगळी लावावी लागणार नाही.